आयर्विन पुलाची माणसं रेड रिव्हरच्या काठी

सांगलीत पावसाळ्यात दोन माणसं भेटली की आधी 'आयर्विनला किती?', म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फूट, हे विचारतात आणि मग तब्येतीचं. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टात ५७ च्या वर गेलं तेव्हा कुणी कुणाला विचारायच्या स्थितीत नव्हतं. मी पाटबंधारे खात्यात तेहेतीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी हा 'किती'चा आकडा वर कळवण्यात आणि खाली सांगण्यात गेली. निवृत्त झालो तरी नदी दिसली की नजर आधी पट्टी शोधते.

लेक अमेरिकेत नॉर्थ डकोटात, फार्गोला असते. दरवर्षी जूनमध्ये बोलवायची. यंदा म्हणाली, "बाबा, एप्रिलमध्ये या. बर्फ वितळतो आणि तुमची नदी चढते." कुठलीही नदी असो, घरात ती 'तुमची'च असते.

ही नदी म्हणजे रेड रिव्हर. टेक्सासकडे याच नावाची दुसरी एक आहे म्हणून हिला 'उत्तरेची रेड रिव्हर' म्हणतात. लांबी ८८५ किलोमीटर. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या मधून सरळ उत्तरेला जाते, सरहद्द ओलांडून कॅनडात शिरते आणि विनिपेग सरोवराला मिळते. तिथून नेल्सन नदीच्या वाटेने तिचं पाणी हडसनच्या उपसागरात पोचतं. सौ.ने हे ऐकलं आणि तिचे डोळे मोठे झाले. आपल्याकडे नदी एखाद्या वळणावर जरा उत्तरेला वळली तरी तिथे घाट बांधतात, पर्वणीला गर्दी होते. "म्हणजे अख्खी नदीच उत्तरवाहिनी?" तिने हळदीकुंकवाची पुडी पर्समध्ये टाकली. जावयाने चार दिवसांची रजा काढली, त्याला शनिवार-रविवार जोडला आणि आम्ही चौघं निघालो.

दिवस पहिला: ब्राउन्स व्हॅली, वॉपेटन

उगमापासून सुरुवात करायची हा माझा हट्ट. उगम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे महाबळेश्वर येतं: डोंगर, गोमुख, धुकं. इथे फार्गोहून दक्षिणेला दोन तास गाडी चालवली आणि वाटेत टेकडी म्हणावी असं काही दिसलं नाही. पाटीवर पापड वाळत घातल्यासारखी जमीन. सावलीच्या बाजूच्या चरांत बर्फ, बाकी काळी ओली शेतं.

ब्राउन्स व्हॅली हे मिनेसोटातलं छोटंसं गाव. त्याच्या उत्तरेला लेक ट्रॅव्हर्स, दक्षिणेला बिग स्टोन लेक, आणि मध्ये काही किलोमीटरची सखल पट्टी. या पट्टीवर आख्ख्या खंडाचं पाणलोट दुभागतं. उत्तरेच्या तळ्यातलं पाणी रेड रिव्हरमार्गे हडसनच्या उपसागराला जातं. दक्षिणेच्या तळ्यातलं मिनेसोटा नदीतून मिसिसिपीत आणि पुढे मेक्सिकोच्या आखातात. सह्याद्रीचा माथा अरबी समुद्राचं पाणी आणि बंगालच्या उपसागराचं पाणी वेगळं करतो, पण तिथे निदान घाट चढल्याचं कळतं तरी. इथे मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्हीकडे पाहिलं. डोळ्यांना काही फरक कळेना.

जमीन अशी का, याचं उत्तरही इथेच आहे. हिमयुगाच्या शेवटी उत्तरेकडे बर्फाच्या प्रचंड थराची भिंत होती. वितळलेलं पाणी तिच्यामुळे अडलं आणि एक प्रचंड सरोवर साठलं. त्याला लेक अगासिझ म्हणतात. आजची पाचही ग्रेट लेक्स एकत्र केली तरी ते त्यांच्याहून मोठं होतं. उत्तरेची वाट बंद, म्हणून ते या ब्राउन्स व्हॅलीच्या खिंडीतून दक्षिणेला सांडत होतं. आमच्या भाषेत हा त्या सरोवराचा सांडवा. पुढे बर्फ मागे हटला, सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी सरोवर रिकामं झालं आणि त्याचा तळ उघडा पडला. त्या तळावरून आज रेड रिव्हर वाहते. लोक 'रेड रिव्हर व्हॅली' म्हणतात खरं, पण हे खोरं नदीने कोरलेलं नाही. तळ्याच्या तळाशी एक बारीक, नागमोडी चर पडला, ती ही नदी. उतार सरासरी मैलाला अर्धा फूट, आणि सरहद्दीकडे जाईल तसा आणखी कमी. आमच्या खात्यात एवढ्या उताराचा कालवा कुणी आखून आणला असता तर साहेबांनी कागद फेकून दिले असते.

दुपारी वॉपेटन. नदीच्या अलीकडे नॉर्थ डकोटातलं वॉपेटन, पलीकडे मिनेसोटातलं ब्रेकेनरिज. इथे ब्वा द सू आणि ऑटर टेल या दोन नद्या मिळतात आणि त्या संगमापासून रेड रिव्हर हे नाव लागतं. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर उभं राहिलं की दोन पाण्यांचे दोन रंग काही अंतर शेजारी शेजारी जाताना दिसतात. इथेही तेच. ऑटर टेल तळ्यांच्या मुलखातून येते म्हणून जरा निवळ, ब्वा द सू दुधाच्या चहासारखी. लाल म्हणावं असं कुठलंच नाही.

सौ.ने पुडी काढली, चिमूटभर हळदीकुंकू पाण्यात सोडलं. मी काठाची माती बघायला आणखी दोन पावलं खाली गेलो आणि तिथेच फसलो. या मातीला इथे 'गंबो' म्हणतात. ओली झाली की आपल्या काळ्या रानासारखीच चिकट, पण तिच्याहूनही हट्टी. उजवा पाय वर आला, बूट आला नाही. जावयाने एका हाताने झाडाची फांदी आणि दुसऱ्या हाताने मला धरलं, लेकीने काठीने बूट उकरून काढला. सौ. एवढंच म्हणाली, "उत्तरवाहिनीने पाद्यपूजा करून घेतली."

परतताना वॉपेटनच्या बागेत ४० फुटी कॅटफिशचा पुतळा पाहिला. या नदीतल्या मिशीवाल्या माशाचा गावाला फार अभिमान. कृष्णेत मगरी एवढ्या, पण आपल्याकडे मगरीचा पुतळा उभारायचं कुणाला सुचलं नाही, आणि सुचलं नाही तेच बरं.

दिवस दुसरा: फार्गो

आज गाडी लांब न्यायची नव्हती. सकाळी लेकीने चहाबरोबर फोन पुढे केला: फार्गोच्या गेजचा, म्हणजे नदीची पातळी मोजायच्या पट्टीचा, आलेख. अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खातं देशभरच्या नद्यांच्या पातळ्या आणि विसर्ग असे उघड ठेवतं, तासातासाला नवा बिंदू पडतो. मला पहिला आनंद एककाचा झाला. हे लोक अजून फूट आणि क्युसेकच वापरतात! सेकंदाला एक घनफूट म्हणजे एक क्युसेक, जो आपल्याकडे धरणाचे दरवाजे उघडले की बातम्यांत ऐकू येतो तोच. आठ हजार मैलांवर येऊन मला एकाही आकड्याचं भाषांतर करावं लागलं नाही.

पातळी १७ फुटांच्या आसपास होती. लेक म्हणाली, "घाबरू नका, रोजचीच १४-१५ असते." पट्टीचा शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे, हे मी सांगलीत पत्रकारांना दर वर्षी समजावत असे. ते इथे लेकीकडून ऐकून बरं वाटलं. इथली पूरपातळी १८ फूट आहे.

काठावर गेलो. नदी बघून सौ. म्हणाली, "एवढीशीच?" एवढीशीच. आयर्विनच्या दोन कमानींत मावेल. बर्फाचे तुकडे फिरत, एकमेकांना ढकलत उत्तरेला निघाले होते. हीच नदी २००९ च्या २८ मार्चला इथे ४०.८४ फुटांवर पोचली, आणि तो इथला आजवरचा विक्रम आहे. त्या आठवड्यात अंदाज वर सरकत सरकत ४३ पर्यंत गेला होता. शहराने मातीचे बांध आणि वाळूची पोती ४३ च्या हिशोबाने चढवली. शाळा-कॉलेजांतली मुलं, दुकानदार, निवृत्त म्हातारे रात्रंदिवस पोती भरत होते. मग थंडी परतली, वितळणं मंदावलं आणि पाणी दोन फूट खालीच थांबलं. शेजारच्या घरातल्या बाई तेव्हा पोत्यांच्या रांगेत होत्या. त्यांनी लेकीला सांगितलेली गोष्ट अशी की गोठलेली पोती कामाची नसतात. दगडासारखी कडक होतात, एकमेकांवर बसत नाहीत, फटी राहतात. म्हणून पोती ऊब असलेल्या जागी भरायची आणि गोठायच्या आत लावायची. तेहेतीस वर्षं पुरांत घालवून हा मुद्दा माझ्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

याच पट्टीने दुसरं टोकही पाहिलं आहे. १९३० च्या दशकातल्या अवर्षणात फार्गोच्या गेजवर विसर्ग शून्य नोंदला गेला. दिवसच्या दिवस शून्य. पुराच्या गप्पा मारणारे ते विसरतात, पाणीपुरवठ्याची फाईल सांभाळणाऱ्याला ते विसरता येत नाही.

शहराच्या पश्चिमेने सध्या सुमारे ४८ किलोमीटरचा वळण-कालवा खोदला जातोय. मोठा पूर आला की पाणी शहराला वळसा घालून जाईल. वाटेत शायेन आणि मेपल या उपनद्या आडव्या येतात, त्या कालव्यावरून पुलासारख्या जलसेतूतून नेणार. मला आत सोडलं नाही. कुंपणाच्या जाळीतून बघून आलो.

संध्याकाळी नदीपलीकडे मूरहेडला चक्कर. हा सगळा शुगर बीटचा मुलूख. इथली अमेरिकन क्रिस्टल शुगर १९७३ पासून शेतकऱ्यांच्या मालकीची सहकारी कंपनी आहे. सांगलीच्या माणसाला 'सहकारी साखर कारखाना' हे शब्द नॉर्थ डकोटाच्या हद्दीवर भेटावेत! जावयाला मी सभासद, शेअर, चेअरमन असं बरंच विचारलं. शेवटी तो म्हणाला, "बाबा, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे."

दिवस तिसरा: ग्रँड फोर्क्स

उत्तरेला १३० किलोमीटर. या दिवसाबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण खरं तर याच गावासाठी मी आलो होतो.

नदीकाठी दगडी स्तंभ आहे. त्यावर जुन्या पुरांच्या खुणा आहेत आणि १९९७ ची खूण इतकी वर की मान मागे टाकावी लागते. ५४.३५ फूट. पूरपातळी २८. मी स्तंभापाशी उभा राहिलो. जमीन तिथे आधीच नदीपेक्षा बरीच उंच, आणि खूण माझ्या डोक्याच्याही वर. लेकीने फोटो काढला. त्यात मी आहे, खूण चौकटीत आलेली नाही.

त्या हिवाळ्यात एकामागून एक आठ हिमवादळं झाली. फार्गोत मोसमाचा एकूण हिमपात ११७ इंच, म्हणजे जवळजवळ दहा फूट. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शेवटचं वादळ आलं, आधी पाऊस आणि मग बर्फ. इथलं दैनिक हिमवादळांना नावं देत असे. या शेवटच्याचं नाव 'हॅना'. आणि मग या नदीचा मूळ दोष उघडा पडला. दक्षिणेला ऊन आधी लागतं. तिथला बर्फ आधी वितळतो, पाणी उत्तरेला निघतं आणि पुढे जाऊन बघतं तर नदी अजून गोठलेलीच. खालची जमीनही गोठलेली, त्यामुळे मुरायला वाव नाही. उतार नसल्यामुळे पाणी पुढे पळत नाही, आडवं पसरतं. आपल्याकडे दक्षिणेत अलमट्टीचा फुगवटा सांगलीपर्यंत येतो की नाही यावर दर पावसाळ्यात वाद पेटतो. इथे फुगवट्याला धरणही लागत नाही. नदी स्वतःच्या बर्फाशी अडून स्वतःच फुगते.

हवामान खात्याने अंदाज दिला होता ४९ फूट. आता या आकड्याकडे इथल्या माणसाच्या डोळ्यांनी बघा. १९७९ च्या पुरात पाणी ४८.८ पर्यंत आलं होतं आणि शहर तगलं होतं. म्हणजे ४९ हा आकडा ऐकून प्रत्येकाने मनात म्हटलं असणार: तेवढंच की. त्यावर काही फुटांची जोड धरून बांध ५२ पर्यंत चढवले. एवढ्या उंचीवर पातळी किती आणि विसर्ग किती याचा मोजून घेतलेला मेळ मात्र कुणाकडे नव्हता. पातळी-विसर्गाचा तक्ता मोजलेल्या भागाच्या पुढे अंदाजाने लांबवलेला असतो. शहरातले पूल पाण्याला अडवतात, किती ते पाणी तिथे पोचेपर्यंत कळत नाही. मोठ्यात मोठा विसर्ग १,३७,००० क्युसेक निघाला. कृष्णेच्या हिशोबात हा आकडा काही अवाक करणारा नाही. लाख-सव्वा लाख क्युसेक आपण दर पावसाळ्यात ऐकतो. पण आपल्या नदीला पात्र आहे, उतार आहे. या नदीला दोन्ही नाहीत.

१८ एप्रिलला बांध फुटायला लागले. १९ ला पाण्यात बुडालेल्या बाजारपेठेत आग लागली. अग्निशमनच्या गाड्या पाण्यामुळे जवळ जाऊ शकल्या नाहीत. अकरा इमारती जळाल्या, चहूबाजूंनी पाणी असताना. साधारण पन्नास हजार वस्तीच्या गावातली जवळजवळ सगळी माणसं बाहेर काढली. २२ एप्रिलला पाणी ५४.३५ वर पोचलं.

पुढे लोकांचा राग हवामान खात्यावर निघाला. मला त्या ४९ सांगणाऱ्याबद्दल काय वाटतं ते मी इथे लिहून टाकतो. २००५ च्या पुरात रात्री दोन वाजता मला एका गावच्या सरपंचांचा फोन आला होता, "साहेब, शेवटचं सांगा, किती येणार?" मी वरून आलेला आकडा दिला, आणि त्याला 'साधारण' हा शब्द जोडला. त्यांनी आकडा ऐकला, 'साधारण' ऐकलाच नाही. त्या आकड्याच्या वर एक फूट पाणी आलं आणि ज्यांनी गुरं त्या फुटाच्या हिशोबाने बांधली होती त्यांची गुरं गेली. तेव्हापासून मी आकडा कधी एकटा सोडला नाही. 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असंच म्हणत आलो. वरिष्ठ चिडायचे, "अहो, एक काय ते सांगा." स्तंभापाशी उभा असताना मला त्या सरपंचांचा आवाज आठवत होता. सौ.ला ते कळलं असावं. ती काही बोलली नाही, थर्मासमधला चहा ओतून दिला.

मग आम्ही लिंकन ड्राइव्ह पार्कमध्ये गेलो. ही आधी वस्ती होती. पुरानंतर नदीकाठची शेकडो घरं पाडली, नवा बांध मागे घेतला आणि मधली जागा नदीला देऊन टाकली. आता तिथे हिरवळ आहे. गंमत अशी की झाडं ओळीत उभी आहेत, अंगणातली झाडं असावीत तशी, आणि अंगणं नाहीत. पलीकडच्या ईस्ट ग्रँड फोर्क्समध्ये तर गेलेल्या वस्तीच्या जागेवर तंबूंचं मैदान केलंय. जुन्या गल्ल्यांच्या डांबरी रस्त्यावरून लोक सुट्टीला गाड्या लावतात. आपल्याकडे पूररेषा नकाशावर निळ्या-लाल शाईने आखतात आणि खाली प्लॉट पडतात. यांनी रेषा आखली आणि घरं उचलली. अर्थात घरं विकत घ्यायला सरकारचा पैसा होता, आणि पन्नास वर्षं त्याच घरात राहिलेल्या माणसाला तो पैसा पुरला का, हे झाडं सांगत नाहीत.

जाता जाता सॉर्ली पूल. १९२९ चा, म्हणजे आपल्या आयर्विनच्या वयाचा. काठाची चिकणमाती नदीकडे हळूहळू सरकत राहते, म्हणून या पुलाची टोकं रुळावरच्या चाकांवर ठेवली आहेत. किनारा सरकला तरी पूल आपला जागेवर. मी वाकून चाकं शोधली. पाणी वर होतं, दिसली नाहीत.

दिवस चौथा: पेंबिना, एमर्सन, मॉरिस

सरहद्दीवर कॅनडाच्या अधिकाऱ्याने विचारलं, येण्याचं कारण? जावई काही सभ्य बोलायच्या आत मी म्हणालो, "नदी." तो म्हणाला, कुठली? मी म्हणालो, हीच. त्याने शिक्का मारला आणि हसून म्हणाला, पुढे अजून बर्फ आहे.

होता. फार्गोला सुटे तुकडे होते, ग्रँड फोर्क्सला मोठाले तक्ते. एमर्सनपाशी नदी करड्या, फुगलेल्या बर्फाखाली होती आणि काठाकाठाने बर्फावर पाणी चढलं होतं. दक्षिणेकडून आलेलं पाणी बर्फावरून वाट काढत होतं. तीन दिवस जे पुस्तकी सांगत होतो ते सौ.ला इथे दिसलं. "म्हणजे मागून घाई आणि पुढे दार बंद," ती म्हणाली. माझ्या तेहेतीस वर्षांच्या नोकरीत एवढं नेमकं टिपण कुणी लिहिलं नाही.

इथली गावं म्हणजे वाडगी. एमर्सन, मॉरिस यांच्या भोवती गोल मातीचे बांध आहेत. मॉरिसमध्ये महामार्ग बांधातल्या खिंडीतून आत शिरतो. पूर आला की खिंड मातीने बुजवतात, महामार्ग बंद होतो आणि गाव बेट होतं. १९९७ ला इथे चाळीस किलोमीटर रुंदीचं पाणी पसरलं, लोक त्याला 'रेड सी' म्हणत. सेंट अगाथ गाव नदीकडे तोंड करून लढत होतं, आणि पाणी आलं पाठीमागून, शेतांतून.

दिवस पाचवा: विनिपेग

इथे जावयाच्या कॉलेजातल्या मित्राकडे उतरलो. त्याच्या बायकोने मिसळ केली होती. कोल्हापूरची असल्यामुळे तिने कट आमच्यासमोर पुन्हा उकळला. जेवताना पंचगंगा आणि कृष्णा, राजाराम बंधारा आणि आयर्विन अशी जुनी लढाई झाली. राजाराम बंधाऱ्यावर इशारा ३९ ला आणि धोका ४३ ला, म्हणून कोल्हापूरकर घाबरट, असा माझा मुद्दा होता. बरोबरी झाली.

विनिपेग १९५० मध्ये बुडालं होतं. जेम्स अव्हेन्यूच्या पट्टीवर ३०.३ फूट. जवळजवळ लाखभर माणसं शहर सोडून गेली. देशाने पुढे मीटर आणि किलो स्वीकारले, पण विनिपेगकर अजून पाणी 'जेम्स'वरच्या फुटांतच बोलतात. त्या पुरानंतर प्रांताचे प्रीमियर डफ रॉब्लिन यांनी शहराच्या पूर्वेने ४७ किलोमीटर लांबीचा पूरवाहिनी कालवा काढायचं ठरवलं. १९६२ ते १९६८ काम चाललं, खर्च ६ कोटी ३० लाख डॉलर. लोकांनी त्याला 'डफचा चर' असं नाव ठेवलं, आणि ते कौतुकाने नव्हतं. १९९७ ला शहर कोरडं राहिलं. पाणी जेम्सवर २४.५ पर्यंतच आलं. कालवा नसता तर ३४ च्या पुढे गेलं असतं असा हिशोब आहे. नाव अजून तेच आहे, म्हणण्याचा सूर बदललाय.

सेंट नॉर्बर्टच्या पुढे त्याचं मुख आहे. माझ्यातला कनिष्ठ अभियंता तिथे जागा झाला. मला वाटलं होतं कालव्याच्या तोंडाशी दरवाजे असतील. नाहीत! कालव्याचं तोंड उघडंच आहे, फक्त मातीचा उंबरठा आहे. दरवाजे नदीत आहेत, दोन, प्रत्येकी ३४ मीटर रुंद, एरवी पाण्याखाली तळाशी पडून असलेले. पूर आला की ते खालून वर उचलतात. नदी अडते, वरच्या बाजूला पातळी चढते आणि पाणी उंबरठा ओलांडून आपोआप कालव्यात जातं. साधं आणि सुंदर. पण वरच्या बाजूला राहणाऱ्याला हे सुंदर वाटत नाही, कारण दरवाजे किती उचलायचे यावर त्याच्या अंगणातलं पाणी ठरतं. कुठल्या गावाला वाचवायला कुठलं गाव भिजवायचं, ही फाईल पृथ्वीवर सगळीकडे एकसारखीच असते.

आम्ही गेलो तेव्हा दरवाजे खालीच होते. कालव्यात बर्फाचे पट्टे, आणि उतारावरून दोन पोरं घसरगाडीवरून खाली येत होती. पुढे याची वहनक्षमता वाढवून सुमारे १,४०,००० क्युसेकवर नेली आहे. एवढं पाणी जाईल त्या जागेत दोन पोरं आणि एक कुत्रा.

दिवस सहावा: लॉकपोर्ट, सेलकर्क, सरोवर

लॉकपोर्टचा बंधारा १९१० चा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळ्याआधी फळ्या काढतात आणि नंतर पुन्हा घालतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथे फळ्यांऐवजी लाकडी पट्ट्यांचे पडदे आहेत. पट्ट्या एकीला एक जोडलेल्या, ओसरीवरच्या बांबूच्या चिकासारख्या. हिवाळ्याआधी ते गुंडाळून वर घेतात म्हणजे बर्फ खालून निघून जातो, वसंतातला पूर ओसरला की पुन्हा खाली सोडतात आणि नावा चालतील एवढं पाणी विनिपेगपर्यंत उभं राहतं. आज पडदे वर होते. खाली उघडं पाणी उसळत होतं आणि त्यात नुकतेच आलेले पाच-सहा पांढरे पेलिकन बसले होते, सरकारी पाहुण्यांसारखे.

सेलकर्कला वॉपेटनच्या कॅटफिशचा धाकटा भाऊ भेटला, रस्त्याच्या कडेला उभा. नदीच्या दोन टोकांना दोन मासे. सौ.ने त्याच्याबरोबरही फोटो काढून घेतला. इथून खाली सरोवरापर्यंत हिवाळ्याच्या शेवटी बर्फ फोडणारी यंत्रं चालवतात. पुढचा भाग बर्फावर चढवायचा आणि वजनाने तो मोडायचा. त्यांनी पाडलेली वाट अजून दिसत होती, पण तुकडे पुन्हा एकमेकांना भिडून उभे राहिले होते.

नदीचं मुख दलदलीत आहे, तिथे गाडी जात नाही. म्हणून विनिपेग बीच गावाला जाऊन सरोवर पाहिलं. सुमारे २४,५०० चौरस किलोमीटर, आणि सगळं पांढरं. क्षितिजापर्यंत. लेक म्हणाली, मे महिन्याशिवाय हे सुटत नाही. वारा असा की बोलताना दात वाजत होते. सौ. गाडीतून उतरली, दोन मिनिटं उभी राहिली, पुडी काढली आणि परत ठेवली. सोडायला पाणीच नव्हतं.

मी फोन काढला. फार्गो काल रात्रीपासून आठ इंच खाली आलं होतं. एमर्सनचा आलेख वर चालला होता. आम्ही वॉपेटनला पाहिलेलं पाणी अजून मागेच होतं, त्याला आम्ही केव्हाच गाठून पुढे आलो होतो.

"किती?" सौ.ने विचारलं.

"तिकडे उतरतंय," मी म्हणालो. "इकडे चढायचंय अजून."

तिने चिवड्याचा डबा उघडला. जावयाने हीटर वाढवला आणि गाडी दक्षिणेला वळवली.